फोनवरून झाडलेला उतार

"अगं, मीठ बर्फ पडायच्या आधी टाक, नंतर नव्हे!" सिंगापुरात, बुकित पंजांगच्या एलआरटी ट्रेनमध्ये, सकाळीच घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना, आमचे शेजारी फोनवर असं सांगायचे. मी शेजारी उभी राहून हसू दाबायची.

त्यांची बायको कॅनडात संशोधन करत होती. आपल्याकडे सकाळ झाली की तिकडे संध्याकाळ. तिच्या भाड्याच्या घरापुढे गॅरेजपर्यंत जाणारा ड्राइव्हवे होता, चांगलाच उताराचा. पहिल्याच हिवाळ्यात ती त्यावरून घसरली, मनगट मोडलं. यांना कळवलं ते प्लास्टर निघाल्यावर. तेव्हापासून हा माणूस मनाने त्या उतारावरच राहायला गेला.

पडणारा बर्फ त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. पण वाचून वाचून सगळं ठाऊक. "वहिनी, ताजा बर्फ लगेच बाजूला ओढायचा. वरून गाडी गेली की तो दबून घट्ट बसतो. फारच गारठा असला तर मीठही चालत नाही, वाळू टाकायची. आणि छपराचं पाणी उतारावर येऊ द्यायचं नाही." बोलताना डोळे खिडकीबाहेर, झाडांच्या हिरव्या गर्दीपलीकडे कुठेतरी लागलेले.

एकदा हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांपुढच्या टेबलावर, त्यांनी ताटलीखाली चमचा सरकवून उतार केला, त्यावर उसाच्या रसातले बर्फाचे खडे ठेवले आणि वर मीठ भुरभुरलं. माझी लेक इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "अंकल, इट विल मेल्ट एनीवे लाह!"

ते खूप हसले. मग ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, "तिकडे नाही गं वितळत आपोआप."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. "भाऊजी, तिकडे नोकरीचं काय?" मी विचारलं.

"बघू. फोनवरून किती दिवस संसार करायचा, वहिनी?"

ते कॅनडाला गेले. डिसेंबरातल्या एका सकाळी मी, नवरा आणि लेक पोहे खात असताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला. दारातल्या दिव्याच्या उजेडात बर्फ पडत होता. आतून बायकोची हाक आली, "अहो, टोपी तरी घाला!"

"हो, हो," म्हणाले, पण हलले नाहीत.

"वहिनी, याला आवाजच नसतो हो. हे कुठेच वाचलं नव्हतं."

मग ते आम्हाला विसरलेच. फोन तसाच हातात राहिला. इकडे पंख्याखाली, बशीतले पोहे गार होईपर्यंत, आम्ही तिघं तो बर्फ पडताना बघत राहिलो.