भिंतीतला करडा पाइप

ठकठकमामा प्लंबर होते, पण पान्याला हात घालत तो आधी फक्त ठोकायला. पाइप ठोकायचा, कान लावायचा, आणि दुसरं टोक सापडेपर्यंत करवतही काढायची नाही आणि तोंडही उघडायचं नाही. "पाइपाला दोन टोकं असतात, अफवेला एकच," असं ते नाकातून, शेवटचं अक्षर लांबवत म्हणायचे. गल्लीतल्या पोरांना त्यांची नक्कल तोंडपाठ होती.

त्या दिवशी मात्र तोंड आधी उघडलं.

एका जुन्या दुमजली घराचं स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं होतं. नळामागचा गिलावा पाडला तर आत एक करडा पाइप, घरात कुणालाच ठाऊक नसलेला. मामांनी चाकूनं ओरखडा काढला. धातू मऊ, आतून चकचकीत.

"शिसं आहे हे," मामा बोलून गेले.

मागेच घरची सून उभी होती, सातवा महिना लागलेली. शिशाच्या पाइपातलं पाणी बाळाला किती वाईट, हे तिनं वाचलेलं होतं. हातातला पेला ओट्यावर ठेवून ती सिमेंटच्या पोत्यावर बसली. एरवी लाह्या फुटाव्यात तशा बोलणाऱ्या सासूबाई मुकाट्यानं जिना चढून गेल्या.

सुनेनं विचारलं, नळाला पाणी यातूनच येतं का. मामांना हो म्हणवेना, आणि नाही म्हणायला हातात दुसरं टोक नव्हतं. स्वतःच्या जिभेला मनोमन शिव्या घालत त्यांनी गिलावा आणखी खरवडला. नळाची नळी दिसली. तांब्याची, वेगळीच. ती धरून धरून मामा थेट रस्त्याकडच्या मुख्य कॉकपर्यंत गेले, सगळीकडे तांबंच. करडा पाइप तिला कुठेही शिवत नव्हता. अर्धा जीव भांड्यात पडला.

मग हा आहे तरी कशाचा? तो आडवा जात दारापाशी संपत होता, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. रंगाच्या थरांखाली पितळेचं छोटं नरसाळं निघालं. मामांनी सवयीनं कान लावला. ठोकणार, तोच पाइप बोलू लागला.

मामा बाजूला झाले आणि सुनेला खुणेनं बोलावलं. तिनं कान लावला.

"मीच मागे लागायचे, पाणी पी, भरपूर पी," सासूबाई वर एकट्याच पुटपुटत होत्या. "मीच पाजलं गं तिला. पोरीला काही होऊ देऊ नकोस रे देवा."

सुनेचे डोळे भरले. तिनं नरसाळ्याला तोंड लावलं.

"आई, यात पाणी नाही. तुम्ही आहात."

दुसरं टोक वरच्या खोलीत निघालं. सासूबाईंच्या पलंगाच्या उशाशी एक पितळी जाळी होती. घरातले तिला हवेची जाळी समजत. पूर्वीचे मालक तिथून स्वयंपाकघरात हाका मारत असणार, मामांनी सांगितलं. तरी पाणी एकदा तपासून घ्या, असंही बजावलं. त्यांचा शब्द आज एकदा घसरला होता.

सासूबाई डोळे पुसत खाली आल्या, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि आधी मामांवर घसरल्या. माणसाचा जीव टांगणीला लावायची ही कुठली पद्धत? मामांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. इतकी गोड बोलणी त्यांनी बऱ्याच दिवसांत खाल्ली नव्हती.

मग त्यांनी विचारलं, पाइप काढायचा का?

"राहू दे," सून म्हणाली.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या, "पण एक बूच बसवा. माझ्या बाजूनं."