पुसलेले डोळे

चाळीस वर्षं दादाने स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल चालवली. गिऱ्हाइकांची मुरमं बुजवायची, सुरकुत्या घालवायच्या, फोटोत मिटलेले डोळे उघडायचे. स्वतःच्या तोंडाकडे मात्र या माणसाने शहात्तर वर्षांत ढुंकून पाहिलं नाही, असं त्याची धाकटी बहीण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

धाकटी बारा दिवसांची असताना आई गेली. आईचा एकच फोटो होता. बासष्टाव्या वर्षीही ती त्याच्यासमोर उभी राहून आज भाजी काय करू म्हणून विचारायची. आता तिला तो भिंतभर मोठा हवा होता. दादा वर्षभर "निगेटिव्ह सापडत नाही" म्हणत होता. ती निगेटिव्ह बहिणीच्या हाती लागू नये, एवढंच त्याला हवं होतं.

त्या दुपारी तिनेच डबा उपसून ती काढली.

दादा सकाळपासून खिडक्यांना चादरी लावून, जुन्या निगेटिव्ह उजेडाच्या पाटीवर ठेवून, स्टँडवर खाली वळवलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने त्यांचे फोटो घेत होता; नाइलाजाने त्याने हीही पाटीवर ठेवली. तोवर शंभर झाल्या होत्या. काळे चेहरे, पांढरे केस. कॅमेऱ्याला त्यात एकही माणूस ओळखू आला नव्हता. आईच्या डोळ्यांवर मात्र, डोळे ओळखले की पडद्यावर येते ती हिरवी चौकट येऊन बसली.

"बघ, यंत्रालाही आई दिसली," धाकटी म्हणाली. "तुलाच तेवढी सापडत नव्हती."

दादा उठला. "हात लावू नकोस. पाणी पिऊन येतो."

आत त्याला तिची टकळी ऐकू येत होती. "किती ती धूळ. चष्मा काय शोभेला लावतो हा?" मग स्पिरिटचा वास आला. मग टकळी थांबली.

तो धावत आला. तिच्या हातातला कापूस काळा झाला होता. चौकट गेली होती.

"दादा, मी नुसतं पुसलं रे. आईने डोळे मिटले."

दादा खुर्चीत बसला. "मिटलेलेच होते. ती गेली त्या दिवशीचा फोटो आहे. तू सहा वर्षांची झालीस, आई कशी दिसायची म्हणून रोज रडायचीस. मग मी उघडले."

"कुणाचे बघून?"

"आरशात बघून."

तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. "तरीच आई छप्पन्न वर्षं वैतागलेली वाटायची."

"पुन्हा काढून देतो." त्याने पेन्सिल उचलली. तिने ती काढून घेतली.

"राहू दे. घे फोटो."

खट् झालं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरं उमटली: कुणाचे तरी डोळे मिटलेत. पुन्हा फोटो घ्यायचा?

धाकटीने काळ्या झालेल्या बोटाने 'नाही' दाबलं.