आत्याची रक्त पातळ करायची गोळी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली एक दुपार. नवीन जालन्यातल्या एका दवाखान्यात मी आत्याच्या कॉटशेजारी बसलो होतो. बाहेर ऊन नुसतं पांढरं पडलेलं... आत हिरव्या पडद्यातून झिरपणारा उजेड, आणि ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी आपलं बुडबुड वाजतंय. आपण सगळे पाण्याखाली बसलोय असंच वाटायचं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कुंभार पिंपळगावची, ऐंशी ओलांडलेली, जन्मभर शाळेत शिकवलेली. अंगानं इतकी वाळली होती की चादरीखाली कुणी आहे की नाही, कळू नये. तिला ऐकू कमी येतं, म्हणून पीपीई किट घालून मला आत बसू देत होते.

तापात ती अर्धी इथं असायची, अर्धी कुठंतरी. "नाव आली का रे?" असं विचारायची. लहानपणी गोदावरी नावेतून ओलांडून मामाच्या गावाला जायची म्हणे... मी म्हणायचो, "येऊन राह्यली, आत्या." ती हसून डोळे मिटायची. मग मलाही पेंग यायची आणि ती नदी मलाही दिसायला लागायची... रुंद, शांत, पलीकडचा काठ धुक्यात.

एका सकाळी तिच्या नाकातून रक्त आलं. उशीवर लाल डाग, हातावर सुया टोचलेल्या जागी निळेजांभळे चट्टे.

आत्याच्या हृदयाचे ठोके मागंपुढं पडतात, त्यासाठी कितीतरी वर्षांपासून तिला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दवाखान्यात गोळीच्या जागी त्याच कामाचं इंजेक्शन पोटात देत होते. आजार राहिला बाजूला, हे औषधच हिला नेणार, असं मला वाटलं. राउंडला डॉक्टर मॅडम आल्या तसा मी म्हणालो, "मॅडम, ते रक्त पातळ करायचं बिलकुल बंद करा."

त्यांनी आधी बॅटरी लावून आत्याचं नाक पाहिलं. ऑक्सिजननं आतून कोरडं पडलंय, थोडंसंच आलंय, म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात. औषध थांबवलं तर गुठळीची भीती, चालू ठेवलं तर रक्तस्रावाची. इतक्या थकलेल्या पेशंटचं पक्कं कुणालाच सांगता येत नाही. किडनीचा रिपोर्ट बघून डोस ठेवावा, बंद करू नये, असं माझं मत आहे. पण आजींना विचारलंत का?"

मी म्हणालो, ती शुद्धीवर असते कुठं... पण मॅडम वाकल्या, पार तिच्या कानाशी, आणि मोठ्यानं सगळं समजावलं. गुठळी मेंदूत गेली तर लकवा होऊ शकतो, औषधानं रक्त जाऊ शकतं. "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

आत्यानं डोळे उघडले. मला वाटलं, आता नावेचंच विचारणार.

"माझ्या मायला लकवा झाल्ता, बाई," ती म्हणाली. "लय दिवस पडून होती. बोलायला जायची अन् नुसता आवाज निघायचा... मला मरायचं भ्या न्हाई. तसं मुकं पडायचं भ्या हाय. रक्त आलं तर येऊ द्या. चाललंय ते बराबर चाललंय."

तिची माय म्हणजे माझीच आजी. माझ्या जन्माआधी गेलेली... ती अशी गेली, हे मला त्या सकाळी कळलं.

इंजेक्शन चालू राहिलं. नाकात थेंब घालायला लागले, पुन्हा रक्त आलं नाही. मी मात्र रोज उशी निरखून बघायचो. हळूहळू ऑक्सिजन कमी लागायला लागला आणि एका दुपारी आत्यानं चहात साखर नाही म्हणून मला चांगलंच झापलं... मी तिथंच रडलो.

औषधानं ती वाचली का, हे मी सुट्टी होताना विचारलं. "तेही पक्कं सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या या खरेपणाचंच मला बरं वाटलं.

आत्या आज गावी आहे. गोळी चालू आहे, बोलणंही चालूच आहे... शेजारपाजारचे कंटाळतात इतकं.

मॅडमचा चेहरा मी कधीच पाहिला नाही, किटमधून फक्त डोळे दिसायचे. उद्या जालन्यात समोर आल्या तरी मला ओळखू येणार नाहीत. म्हणून हे इथं लिहितोय... त्या वॉर्डात आम्ही सगळे आत्याबद्दल बोलत होतो. आत्याशी बोलल्या त्या एकट्याच.