दुपारी मान टाकणारा संगणक

कानडी मुलखातल्या चामराजपेटमधली ती केस मी अजून विसरलेले नाही. चोर नाही, चोरी नाही, तरी त्या केसमध्ये एका मुलीची नोकरी अडकली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी तिथल्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होते.

सकाळची हजेरी उरकून चहा हातात घेते न घेते, तोच एका ट्रान्सपोर्ट कंपनीचे मालक तक्रार अर्ज घेऊन आले. माल बुकिंगसाठी त्यांनी नवे संगणक घेतलेले. आतल्या खोलीत एक मुख्य, बाहेर काउंटरवर त्याला जोडलेले बाकीचे. रोज दुपारी बाहेरचे सगळे मान टाकायचे. पावती निघायची नाही, हमाल ओरडायचे, गिऱ्हाईक शेजारच्या कंपनीत जायचं. संशय होता मुख्य संगणकावर काम करणाऱ्या, निपाणीकडच्या मुलीवर. तिला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती, राजीनामा देऊन झाला होता. जाता जाता मुद्दाम बिघडवतेय, असं मालकांचं म्हणणं. नव्या नोकरीसाठी तिची पोलीस पडताळणी व्हायची होती. मी गुन्हा नोंदवला असता, तर ती नोकरी गेलीच म्हणून समजा.

मी चौकशीला गेले, तर कॅशियरनं कानाशी येऊन खबर दिली. "मॅडम, मशीन अडलं की ती आत जाते आणि लगेच सुरू होतं. म्हणजे चावी तिच्याकडंच की!"

खरं सांगते, मलाही पटलं. स्वतः आग लावून स्वतःच बादली घेऊन धावणारे मी पाहिलेले होते.

मुलीला ठाण्यात बोलावलं नाही. तिथंच समोर बसवलं, चहा मागवला. खोटं बोलणारा माणूस उत्तरं तयार ठेवून येतो, बरं का. ही तर मलाच विचारत होती.

"अक्का, असं का होत असेल हो? जेवायच्या सुट्टीत बाहेरून हाका येतात, डबा टाकून पळते. माउस हलवून बघते, तर मशीन एकदम शहाणं!"

असला शहाणा माझ्या ओळखीचा होता. वर्दी दिसली की सरळ चालतो! त्याच्यावर लांबूनच पाळत ठेवावी लागते.

"बाळ, त्या खोलीत न जाता आतलं काही दिसतं का गं?"

"दिसतं की! काउंटरच्या मशीनवर त्याच्या प्रोसेसरचा आलेख लावता येतो. त्याच्या मेंदूवर किती भार आहे ते कळतं. पण मालक मला आता काउंटरच्या मशीनला हात लावू देत नाहीत."

"ते शेजारी बसतील. तू लाव."

दुसऱ्या दिवशी ती जेवायला उठली आणि मी खोलीला कुलूप घातलं. मालक, ती आणि मी काउंटरवर बसलो. आलेखाची रेघ बराच वेळ तळाशी पडून होती. मग एकाएकी उठली ती वरच्या कडेला जाऊन चिकटली. खाली यायलाच तयार नाही. पावत्या थांबल्या, हमालांचा आरडाओरडा सुरू. आत तर कुणीच नव्हतं!

मुलीनं कोणता प्रोग्रॅम भार टाकतोय ते शोधलं आणि मालकांकडे वळली. "अण्णा, स्क्रीनसेव्हर!"

मी कुलूप काढलं. मशीनला कुणी हात लावत नाही म्हटल्यावर पडद्यावर देवाचं नाव आलं होतं. सोनेरी, उठावदार अक्षरं गोल गोल फिरत होती. प्रत्येक वळणाला ती नव्यानं काढता काढता प्रोसेसर दमत होता, काउंटरचं काम करायला त्याला उसंतच नव्हती. माउस हलवला, की सगळं गायब.

मालक खाली बघायला लागले. "आयुधपूजेला मीच लावून घेतलं, मॅडम. कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, मग म्हटलं मशीन रिकामं असताना स्वामींचं नाव फिरू दे."

"अण्णा, प्रदक्षिणा आपण घालायची असते! तुम्ही देवालाच फिरायला लावलंत?" मुलगी पटकन बोलून गेली.

दारातले हमाल खो खो हसले. मालकही हसले, पण लगेच गंभीर झाले. "सरी, ठीक आहे, पण ते नाव माझ्या हातानं कसं पुसू?"

"पुसायचं कशाला?" मुलगी म्हणाली. "छापून मशीनच्या माथ्यावर चिकटवते." आणि तिला मशीनला हात लावू नको म्हणणारे मालक स्वतः उठून तिला खुर्ची देऊन बाजूला उभे राहिले. तक्रार त्यांनी त्याच दुपारी मागे घेतली.

पडताळणी माझ्याकडेच आली. आक्षेप नाही, असं लिहून मी सही केली. ती मुलगी नव्या नोकरीवर रुजू झाली.

घोळ होतो तिथं दर वेळी एकच माणूस दिसला, की आपलं बोट चटकन त्याच्याकडे जातं. पण त्या मुलीला तिथं रोज हाका मारून बोलावत होते ते काउंटरवालेच. पुढे कितीतरी जबाब घेतले. "हा दर वेळी तिथंच असतो," असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारायची, "त्याला तिथं बोलावतं कोण?"