टावर कमी करणारी बाई

मी कारखान्यांत आणि इमारतींत वायफायचे डबे बसवते. छताला स्क्रू मारून डबा टांगणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. खरं काम त्यानंतर, लॅपटॉप मांडीवर घेऊन. कुठल्या डब्याने किती जोरात बोलायचं, कुठल्या चॅनेलवर बोलायचं, एकाचं चालू असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, ही सगळी शिस्त लावायची असते. शिरपूरला माझी आई शेजारणींना सांगते की पोरगी सिल्वासाला कॉम्प्युटरमध्ये आहे. मला विचारलं तर मी सांगते, ओरडणाऱ्या डब्यांना हळू बोलायला शिकवते. आई म्हणते, स्वतःला कधी शिकवणार?

तिचं खरं आहे. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं. त्यातून हे काम असं की जिथे जावं तिथे भांडण ठरलेलं. लोकांना डबा फुल ताकदीवर हवा असतो. मोबाइलवर टावर भरलेला दिसला की त्यांचं समाधान होतं, मग नेट चालो न चालो. ताकद कमी केली तर नेट सुधारेल असं म्हटलं की समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याला कमी जेवून वजन वाढवायला सांगते आहे.

सिल्वासाजवळच्या नरोलीतल्या एका इमारतीतही हेच होणार हे मला फोनवरच कळलं. घरमालक म्हणाला, "बेन, टावर तो फुल आवे छे, पण वीडियो कॉल कोई का नहीं लगता. और वो छेल्ला रूमवाली रोज आके मेरा माथा खाती है. तमे आवी जाओ ने."

मी राहते त्या डोकमर्डीहून स्कूटर काढली आणि दुपार उतरताना पोचले. नरोलीत अशा इमारती पुष्कळ. दोन मजले, प्रत्येक मजल्यावर एक लांब गॅलरी, गॅलरीला लागून खोल्या, खोलीत एक कुटुंब नाहीतर चार-पाच पोरं. चारी बाजूंना कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड, त्यामुळे आतल्या खोल्यांत सिमकार्डाचा टावर जवळजवळ येतच नाही. म्हणून मालकाने वायफाय घेतलं होतं. कुणीतरी आधी येऊन डबे टांगून गेलं होतं, सगळे फुल ताकदीवर, आणि सगळे एकाच चॅनेलवर.

ती छेल्ला रूमवाली दारातच उभी होती. तळमजल्याची शेवटची खोली. पंचविशीची असेल, अंगावर कंपनीचा निळा कोट तसाच, त्याला सुताचे बारीक धागे चिकटलेले. सुताच्या कारखान्यात पॅकिंगला होती आणि पहिली पाळी करून नुकतीच आली होती. मी काही विचारायच्या आधीच तिने हिंदीत सुरुवात केली, पण दुसऱ्याच वाक्यात तिची अहिराणी बाहेर आली. "दिदी, माले सगळं दिखस. ऐकू बी येस. तिलेच काही ऐकू येत नही."

मी म्हटलं, "साक्रीकडची का?"

तिचा चेहरा असा काही उजळला की मला माझ्या बॅगेतला लॅपटॉप काढायचं सुचेना. साक्रीच्या पुढचं गाव. नवरा दादऱ्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. ही परतायच्या आत तो निघतो, आणि जादा काम लागलं की दोघंही बाहेर, मग पोर सांभाळायला घरात कुणी नाही. म्हणून चार वर्षांची मुलगी गावी आजीजवळ. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. आधीच्या भाड्याच्या खोलीत सिमकार्डावर सगळं ठीक चालायचं. पण इथे या वायफायवर आल्यापासून मुलगी तिला दिसायची, तिचं बोलणं ऐकू यायचं, आणि इकडून ही जे बोलायची ते तिकडे पोचायचंच नाही. मुलीला आईचा थिजलेला चेहरा दिसायचा आणि आवाज नाही.

"आधी म्हणायची, माय बोल ना, बोल ना," ती सांगू लागली. "मग म्हणायला लागली, माय मुकी झाली. आता फोनजवळ येतच नाही. आजी हाक मारते तर म्हणते, ती माय खोटी शे."

मी विचारलं की बाहेर रस्त्यावर जाऊन साधा फोन का करत नाहीस. केला होता तिने. नुसत्या आवाजावर मुलीचा विश्वास बसत नव्हता. ती म्हणायची, दाखव. आणि रस्त्यावर व्हिडिओ लावला तर ट्रकांच्या गोंगाटात काय ऐकू जाणार?

"दिदी, ती मला विसरून जाईल," ती म्हणाली. एवढं बोलून तिने कोटाला चिकटलेले धागे एकेक काढायला सुरुवात केली.

मला राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. डबे टांगून गेलेल्या माणसाचा, पाळ्या ठरवणाऱ्यांचा, त्या पत्र्यांच्या शेडचा. राग आला की मी काम भरभर करते.

दोष समजायला वेळ लागला नाही. गॅलरीत तिच्या दाराजवळच एक डबा होता. पण तिचा फोन त्याला सोडून जिन्याजवळच्या लांबच्या डब्याला धरून बसला होता, कारण कामावरून येताना तो आधी लागायचा आणि इतक्या मोठ्याने ओरडायचा की फोनला वाटायचं हाच आपला. डब्याचा आवाज फोनपर्यंत यायचा. फोनचा आवाज मात्र बारीक, तो गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला कसा पोचणार? त्यात सगळे डबे एकाच चॅनेलवर, म्हणजे एका खोलीत सगळ्यांनी एकदम बोलायचं. मी डबे वेगवेगळ्या चॅनेलवर टाकले, एक, सहा आणि अकरा, आणि प्रत्येकाची ताकद चांगली खाली आणली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. वरच्या मजल्यावरून आवाज आला, "अरे टावर गेला!" दारं उघडली. बनियनवरची पोरं बाहेर आली, भाजी चिरणाऱ्या बायका विळीवरून उठल्या. एकाने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "ताई, फुल होता. तुम्ही आल्या आणि अर्धा केला."

"नेट चालतंय का ते बघ. टावर काय चाटायचाय?"

"पण कमी दिसतोय ना!"

मालकही आला. "बेन, फुल राखो ने. लोग मेरे को बोलेगा." मी त्याला म्हटलं, माझं होईपर्यंत चहा पिऊन या. तो खरंच गेला. वरून कुणीतरी म्हणालं, ही टावर कमी करणारी बाई कुठून आणली? पोरं हसली, मीही हसले. तेवढ्यात त्याच पोरांपैकी एकाचा कॉल लागला, न तुटता चालला, आणि बाकीचे त्याच्याभोवती गोळा झाले. माझ्या विरोधातला मोर्चा तिथेच विरला.

मी शेवटच्या खोलीच्या दारात परत आले. तिचा फोन आता दाराजवळच्या डब्याला लागलेला मला लॅपटॉपवर दिसत होता. मी खुशीत म्हटलं, लाव कॉल. तिने फोन आत नेऊन नेहमीच्या जागी ठेवला आणि लावला; मी दारातच लॅपटॉप घेऊन होते. आजी आली. आणि आजी म्हणाली, "काय वं, काही ऐकू येत नही."

तिने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला अजून आठवतो. रडवेला नव्हता. आपल्या वाट्याला असंच यायचं, हे कळलेल्या माणसाचा होता. मी कॉल बंद करायला लावला आणि उगाच लॅपटॉपवर खाली-वर करत राहिले. काही सापडेना. फोन दारात होता तोवर सगळं ठीक दिसत होतं, मग कॉलच्या वेळी काय बिघडतं? शेवटी मी आत जाऊन तिला म्हटलं, मी इथे नाहीच असं समज. रोज जशी करतेस तसाच कॉल कर, अगदी पहिल्यापासून.

तिने कोट काढून खुंटीला लावला. हात धुतले, परातीत बाजरीचं पीठ घेतलं. मग फोन उचलला आणि भिंतीवरच्या मांडणीत ठेवला. आपल्याकडे स्टीलची मांडणी म्हणजे घराचा दागिना. तिचीही तशीच होती, ताटं उभी रांगेत, वाट्या, डबे, सगळं राखेने घासून लखलखीत. मधल्या फळीवर एक खोलगट पातेलं आडवं ठेवलेलं होतं, तोंड खोलीकडे. फोन त्या पातेल्यात बसवला होता. मागे ताटांची भिंत, बाजूंना डबे.

"पातेल्यात का?"

"आवाज मोठा येतो ना, दिदी. तिचा शब्दन् शब्द कळतो. आणि भाकरी करताना हात रिकामे राहतात. तिला मी भाकरी थापताना दिसले की आवडायचं."

माझी आईसुद्धा मोबाइल स्टीलच्या पेल्यात उभा करून भजनं ऐकते. आवाज घुमतो, छान वाटतं. पण वायफायच्या डब्याशी बोलायचा फोनचा तो बारीक आवाज स्टीलच्या तीन भिंतींतून बाहेर पडत नाही. वायफायचा डबा त्याला कसाबसा ऐकू येतो, फोनचं मात्र कुणालाच नाही. मुलीचा शब्दन् शब्द ऐकू यावा म्हणून तिने फोन जिथे ठेवला होता, तिथूनच तिचा स्वतःचा शब्द अडत होता.

हे तिला कसं सांगावं, ते मला कळेना. एरवी मी तोंडावर बोलून मोकळी होते. पण या बाईला, तुझ्याच भांड्यांनी तुझी पोर तोडली, असं सांगायला माझी जीभ वळली नाही. मी लाकडी स्टूल ओढलं, खिडकीपाशी ठेवलं, त्यावर पिठाच्या पिशवीला टेकवून फोन उभा केला आणि म्हटलं, "बाहेरच्या डब्याचं तोंड या बाजूला आहे. आता रोज इथेच ठेवत जा."

"आठेच?" तिने विचारलं आणि मांडणीकडे पाहिलं. मग तिने ते पातेलं उचललं आणि पालथं घालून ठेवलं.  

कॉल लागला. आजी आली. "माय, ऐकू येस का?" हिने इतक्या जोरात विचारलं की गॅलरीतली पोरं डोकावली. आजी दचकलीच. "येस, येस! वं बया, येस!" तिने मागे वळून मुलीला हाका मारल्या. मुलगी येईना. अंगणात खापरांशी खेळत होती. आजीने गूळ देते म्हणून सांगितलं, शेवटी दंडाला धरून आणली. ती आली ती पाठ फिरवून बसली. फोनमध्ये नुसती तिची एक सैल वेणी दिसत होती.

"छोटी! माय बोली राहिनी! माले देख ना!" पीठभरल्या हातांनी स्टूल धरून इकडे ही ओरडत होती. कित्येक दिवस कुणालाच ऐकू न गेल्यामुळे तिला ओरडायचीच सवय लागली होती.

वेणी हलली. मुलीने मान वळवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून, आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. "इतली जोरमा कसाले बोलस? मना कान दुखस."

 इकडे आई बोलायला गेली आणि तिला बोलताच येईना. ओठ हलत होते, पिठाचा हात तोंडावर. 

तिकडे मुलगी वाट बघत होती. फोनच्या अगदी जवळ आली. आईचा न बोलणारा चेहरा पुन्हा समोर, रोजच्यासारखाच. तिच्या आठ्या हळूहळू सुटल्या आणि ओठ वाकडे झाले. ती आजीकडे वळून म्हणाली, "आजी, माय परत गयी."

"नही!" आवाज फाटला तरी तिने तो बाहेर काढला. डोळे न पुसता ती खाली वाकली, स्क्रीनला नाक लागेल इतकी, आणि अगदी हळू म्हणाली, "नही पोर. मी आठेच शे. आठेच शे."