जिभेखालची गोळी

माझा थोरला भाऊ सणसवाडीच्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर होता. आम्ही इनामगावाजवळ घोड नदीच्या काठचे, धनगर. आजोबांपर्यंत मेंढरांचा कळप होता. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो मोडून ऊस-कांदा धरला आणि थोड्या मेंढ्या सवयीखातर दारात ठेवल्या. दादा कामावरच्या दोघांसोबत सणसवाडीतच खोली घेऊन राहायचा. मी तेव्हा शिरूरच्या कॉलेजात होते.

एका दिवाळीला तो घरी आला आणि आजारी पडला. नाकाडोळ्यांतून पाणी, सारख्या जांभया, अंगावर काटा, पाय एका जागी ठरेनात. आई म्हणाली, हिवताप आहे. ती काढा करायला आत गेल्यावर दादानं मला जवळ बोलावलं.

“ताप न्हाई हा,” तो म्हणाला. “मला गर्दची सवय लागलीय.”

कामावर खांदा दुखावला होता. रजा मिळेना. खोलीतल्या एकानं चांदीच्या कागदावर भुकटी तापवून धूर ओढायला दिला आणि दुखणं पळालं. पुढं खांदा बरा झाला, पण ओढली नाही की हे असं व्हायला लागलं. गर्द हा शब्द मी पेपरात वाचला होता. तो आपल्या घरात कुणी बोलेल असं कधी वाटलं नव्हतं.

कॉलेजातल्या एका मॅडमनी पुण्यातल्या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला. तिथं भरती व्हावं लागलं नाही. डॉक्टर आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाले, “ही गोळी गर्दच्याच कुळातली आहे, पण सांगू तशी घेतली तर झिंग आणत नाही, अंगाची मागणी भागवते. साखरेचं औषध घेतात तशी घ्यायची. कमी कधी करायची ते आम्ही ठरवू. आपल्या मनानं सोडायची नाही.”

गोळ्या माझ्या ताब्यात दिल्या. रोज सकाळी मी त्याच्या हातावर एक ठेवायची आणि तो ती जिभेखाली धरून ओट्यावर बसायचा. विरघळेपर्यंत बोलायचं नसायचं. तेवढ्या वेळात मी कॉलेजातलं काहीबाही सांगत राहायची. त्याला उत्तर देता यायचं नाही, नुसता मान हलवायचा. आमच्यात इतकं बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं.

सुरुवातीला आठवड्याला, मग महिन्याला आम्ही शिरूरहून एसटीनं पुण्याला जायचो. सणसवाडी आली की तो डोळे मिटून घ्यायचा. गाडी पुढं गेल्यावर मी त्याच्या गुडघ्याला हात लावायची, तेव्हा उघडायचा.

केंद्रात समुपदेशन करणाऱ्या बाई होत्या. आमच्या आईच्या वयाच्या, बोलायला सावकाश. त्या म्हणायच्या, “तल्लफ येते, चढते आणि ओसरते. ओसरेपर्यंत हात गुंतवून ठेवायचे.”

दादा म्हणाला, “म्हंजी घोड नदीला धरणाचं पाणी सोडत्यात तसं. काठावर उभं ऱ्हायचं, आत उतरायचं न्हाई.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “मग काठावर उभं राहून काय करता येईल तुम्हाला?”

त्यानं बराच विचार करून सांगितलं, लोकर कातरता येईल. आजोबांनी शिकवलं होतं. कारखाना सुटलाच होता. तो घरच्या मेंढ्या कातरायला लागला, मग आसपासच्या वाड्यांवरून बोलावणी यायला लागली. अंगावर मांस आलं. आईशी थट्टा करायला लागला. पावसाळा गेला, हिवाळा गेला, त्यानं गर्दला हात लावला नाही.

मग खुटबावहून त्याला स्थळ आलं. मुलगी चांगली होती, माणसंही चांगली. पण भावकीतल्या कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, पोरगा अजून गोळ्या खातोय.

आबा घरी येऊन म्हणाले, “एक सोडली आन् दुसरी धरली. ह्याला बरं होणं म्हणत्यात व्हय?”

मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. बाईंनी त्यांना एकदा बोलावलंही होतं, तेव्हा ते टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकून आले होते. आत्ताही त्यांनी ऐकून घेतलं. राग नव्हता त्यांना. त्यांना फक्त लेकाचा संसार उभा राहिलेला बघायचा होता.

जत्रेत ते दादाला बिरोबाच्या देवळात घेऊन गेले. आम्ही बायका मागं उभ्या होतो. सगळ्या भावकीसमोर दादानं भंडारा उचलला आणि शपथ घेतली, आजपासून कसलीच नशा नाही, गोळीसुद्धा नाही. आबांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला. त्यांचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी पुढं केली.

“शपथ घेतलीय,” तो म्हणाला. “देवासमोरची मोडू का?”

मी एकटी पुण्याला गेले. बाई म्हणाल्या, “शपथेबद्दल आम्ही एक शब्द बोलणार नाही. त्यांना फक्त घेऊन या.” तो आला नाही. दिलेला शब्द पाळणारा माणूस होता तो. अंग फोडून काढणारे दिवस त्यानं गोठ्यात पडून सोसले आणि उठला. आबा गावात ताठ मानेनं हिंडले. सुपारी फुटली.

लग्नाला बोलवायला म्हणून तो सणसवाडीला जुन्या सोबत्यांकडं गेला. दुपारपर्यंत येतो म्हणाला होता. संध्याकाळी फोन शेजारच्या दुकानात आला. खोलीत भिंतीला टेकून बसलेला सापडला होता तो, पुढ्यात चांदीचा कागद. श्वास थांबून बराच वेळ झाला होता.

दहावं-तेरावं उरकल्यावर आबा मला म्हणाले, “त्या बाईंकडं ने मला.”

बाईंनी त्यांना खुर्ची दिली. आबांनी विचारलं, “गोळी चालू असती, तर?”

बाई म्हणाल्या, “आबा, औषध सुटलं की शरीराची सवय जाते. मग पूर्वीइतकंच घेतलं तरी झेपत नाही. गोळी चालू असती तर बहुतेक जगला असता. तुम्ही हे त्याच्या भल्यासाठीच केलंत, हे मला माहीत आहे.”

“व्हय,” आबा म्हणाले. “भल्यासाठीच.”

बाहेर बाकावर एक रिक्षावाला बायकोसोबत नंबरची वाट बघत होता. आबा त्याच्यापाशी थांबले. “गोळी घेताय का?” त्यांनी विचारलं. तो ओशाळून हो म्हणाला.

“घ्या. डॉक्टर सांगत्याल तवर घ्या. कुणी काय बी म्हणू दे.”

त्याच्या बायकोनं उठून आबांना जागा दिली. ते बसले नाहीत.

घरी आई वाट बघत होती. काय म्हणाल्या बाई, असं तिनं विचारलं. मला वाटलं, आबा टाळतील. त्यांनी टाळलं नाही. बाईंचा शब्दन् शब्द तिला सांगितला. आई ऐकत राहिली. मग पदरानं तोंड पुसून उठली आणि मेंढ्यांना पाणी दाखवायला गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती आबांचं ताट वाढायची, पण समोर बसायची नाही.