गोव्याहून आणलेला कैदी

राजा पार्क या आमच्या वस्तीत शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. नव्वदीला टेकलेत, तरी पाहुणा दिसला की हुकूम सुटतो, "सूनबाई, कैद्याला कामाला लाव!"

कैदी म्हणजे निळ्या फुलांचा कप. गोवा घेतला तेव्हा पोर्तुगीजांच्या ओस पडलेल्या मेसमधून त्यांनी तो बशीसकट उचलला होता. त्या लढाईची त्यांच्याकडे एवढीच खूण.

परवा तोच कप माझ्या हातून निसटून फुटला. सुभेदार काठी टेकत उठले, तुकड्यांना कडक सलाम ठोकला आणि खो खो हसले.

"शिक्षा भोगून सुटला बिचारा! सूनबाई, आता बशीवर पहारा वाढव. एकटी पडलीय, पळून जाईल."